‘जमेल ना?’ हा प्रश्न की हुकूम?

मंडळी, ब्युंग-चुल हान यांचं ‘द बर्नआउट सोसायटी’ आज आपण तपासायला घेऊ. जन्मानं कोरियन असलेल्या या तत्त्वज्ञाचं हे छोटंसं पुस्तक २०१० मध्ये जर्मन भाषेत आलं. नोकरदार माणसाच्या वर्मावर ते बोट ठेवतं.

हान म्हणतात, फुकोनं वर्णन केलेला शिस्तीचा समाज मागे पडला. तुरुंग, बराकी, कारखाने यांच्या जागी ऑफिसांचे टॉवर, मॉल आणि जिम आले. पूर्वी ‘केलंच पाहिजे’ असं बजावत. आता ‘तू करू शकतोस’ असं सांगतात. राबवणारा आणि राबणारा एकच झाला. मग अपयशही ज्याचं त्याचंच, आणि त्यातून नैराश्य, बर्नआउट, म्हणजे आतून जळून संपणं.

यात बरंच तथ्य आहे. रजेवर असताना लॅपटॉप उघडणाऱ्याला कुणी धरून बसवलेलं नसतं. कामाशिवाय आपली किंमत शून्य, हे त्यानंच मनावर घेतलेलं असतं.

आमचा आक्षेप पुढं आहे. रात्री दहाला साहेबांचा मेसेज येतो, ‘उद्या सकाळपर्यंत जमेल ना?’ वाक्य प्रश्नाचं, अर्थ हुकमाचा. ‘नाही जमणार’ म्हणावं, तर अप्रेझलमध्ये त्याची नोंद होण्याची भीती. घराचा हप्ता तर दरमहा कापला जातोच. शिस्त पुसली गेली असं हानही म्हणत नाहीत; ती अंगवळणी पडली, म्हणतात. पण सक्ती करणारं बाहेर कुणी उरलं नाही, हे त्यांचं म्हणणं या मेसेजपुढं टिकत नाही.

हा नुसता शब्दांचा वाद नाही बरं का. माणूस स्वतःच स्वतःला राबवतो असं मानलं, की उपायही त्याच्याच माथी येतो: ध्यान करा, श्वास मोजा, वेळेवर झोपा. हान हे सुचवत नाहीत, पण त्यांच्या मांडणीत याला उत्तरही सापडत नाही. चौघांचं काम दोघांवर कुणी टाकलं, मुदत कुणी ठरवली, हे मग विचारायचं कुणाला?

जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ बर्नआउटला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण यशस्वीपणे हाताळला गेला नाही, की तो येतो, असं तिथं म्हटलंय. ‘हाताळला गेला नाही’, पण कुणाकडून? इथंही कर्ता गायबच.

पुस्तक जरूर वाचा. फक्त वाचताना तो कर्ता शोधत राहा.