थापी, पक्कड आणि खिडकीचा उजेड

जुलै १९५५च्या ‘फॉर्च्यून’ या अमेरिकी मासिकात वॉकर एव्हान्सची पाच छायाचित्रे आली. पत्रा कापायची कात्री, गवंड्याची थापी, पाना, निमुळत्या तोंडाची पक्कड आणि खोकी उघडायचे एक हत्यार. एका पानावर एकच वस्तू, मागे मोकळी करडी जागा, खाली बनवणाऱ्याचे नाव आणि किंमत. कात्री १ डॉलर ८५ सेंटची. महामंदीत अलाबामातल्या खंडकरी शेतकऱ्यांचे चेहरे टिपणारा हा माणूस त्याच आदराने थापीसमोर उभा राहिला. आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर कात्रीच्या पात्यांना जोडणारी खीळसुद्धा अशी उतरली की पाती कशी फिरतात हे बघताक्षणी बोटांना कळते.

हत्यारांच्या छायाचित्राची माझी कसोटी हीच आहे. डोळा सुखावला, पण हात जागा झाला नाही, तर ते चित्र फसले.

जर्मनीत आल्बर्ट रेंगर-पाट्शने वस्तूंकडे असे बघणे एव्हान्सच्या आधीच सुरू केले होते. आल्फेल्डच्या फागुस कारखान्यात त्याने बूट बनवताना लागणाऱ्या इस्त्र्या ओळीने उभ्या करून टिपल्या. १९२८च्या पुस्तकाला त्याला नाव हवे होते नुसते ‘वस्तू’. प्रकाशकाने केले ‘जग सुंदर आहे’. विचारवंत वॉल्टर बेंजामिनने पुढे या पुस्तकावर टीका केली ती याच सुंदर करून दाखवण्यावर. मला ती टीका रेंगर-पाट्शच्या चित्रांपेक्षा त्या नव्या नावाला जास्त लागू वाटते. १९२८मध्येच आंद्रे केर्तेझने बशीच्या काठावर टेकलेला काटा आणि त्याची सावली टिपली. तिथे सावली काट्याइतकीच बोलते, आणि तरी काटा जेवणाचाच राहतो.

आज आपल्याकडे जे दिसते त्यात प्रकाशकाने दिलेले ते नाव जिंकलेले आहे. काळा पडदा, एका बाजूने तिरपा उजेड, गंजलेला विळा, शेजारी मुद्दाम ठेवलेले गोणपाट. गंजावर इतका जीव, की विळ्याची धार कुठे आहे तेच कळत नाही. चित्राखाली ‘हरवलेले दिवस’ असे काहीतरी. ज्या घरात तो विळा आजही रोज चालतो, त्या घरावर हा अन्याय आहे. खंडेनवमीला तर हत्यारांचे फोटो घरोघरी निघतात. झेंडूखाली पाना, पटाशी, कानस. ते श्रद्धेने काढलेले असतात आणि मला आवडतात. पण उरलेल्या वर्षात त्या कानशीकडे कोण बघतो?

अडचण तंत्राचीही आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे. घासलेला धातू समोर असेल ते दाखवतो. गेल्या वर्षी घरातला पितळी अडकित्ता टिपताना त्याच्या दांड्यावर माझ्याच सदऱ्याचा निळा डाग येत राहिला. उत्तरेच्या खिडकीला पांढरे धोतर लावले, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला, तेव्हा दांड्याची गोलाई उमटली. थेट मारलेल्या फ्लॅशने ते जमले नसते; त्याच्या झगमगाटात पितळ आणि प्लास्टिक सारखेच दिसतात.

एव्हान्सशी माझे एकाच ठिकाणी पटत नाही. त्याची हत्यारे दुकानातली, कोरी. आकाराची शुद्धता त्यामुळे मिळाली, वापर मात्र सुटला. गवंड्याची थापी वर्षानुवर्षे घासून एका कोपऱ्यात आखूड होते. सुताराच्या रंध्याची मूठ तळव्याच्या घामाने काळी, गुळगुळीत होते. ही झीज म्हणजे गंज नव्हे. गंज न वापरल्याने चढतो, झीज वापरल्याने येते. ती एव्हान्सच्या साध्या करड्या जमिनीवर, त्याच्याच संयमाने टिपणारे काम मराठीत मला हवे आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर उभे राहिले की हे काम किती मोठे होऊ शकते ते दिसते.

आमच्या अडकित्त्याच्या दांड्यावर मोर आहे. अंगठा टेकतो तिथे त्याचा पिसारा पुसट झाला आहे. छायाचित्रात पहिल्यांदा तो नीट दिसला, आणि आईने चित्र हातात धरून अंगठा बरोबर तिथेच ठेवला.