मिरज कीं मरिज?

एखाद्या वाद्याची पारख कशी करावी हें मिरजेच्या माणसास शिकवावें लागत नाहीं. सतारमेकरांच्या दुकानीं तंबोरा घेण्यास आलेला जाणता गवई भोपळ्यावरील नक्षी पाहतो, दांडीवरून हात फिरवितो. परंतु पैसे मोजण्यापूर्वीं तारा जुळवून तो तंबोरा छेडतो आणि डोळे मिटून जवारी ऐकतो. जवारी बोलत नसेल, तर नक्षी कितीहि देखणी असली तरी तो तंबोरा नव्हे. ती दिवाणखान्यांत ठेवण्याची शोभेची वस्तु होय. ज्या साधनांचें परीक्षण येथें करावयाचें योजिलें आहे, त्यांच्या बाबतींत ही साधी कसोटी बहुतेक परीक्षक विसरले, म्हणून आरंभींच तिची आठवण दिली.

संगणक चालविणारी लिनक्स ही प्रणाली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतली. ती कोणासहि मोफत घेतां येते, उघडून पाहतां येते आणि दुरुस्तहि करतां येते. महाजालावरील पानें आणून पडद्यावर मांडणारें जें साधन तो ब्राउझर. कांहीं भाषाभिमानी मंडळींनीं त्यास 'न्याहाळक' असें गोड नांव दिलें आहे. परंतु घरोघरीं ब्राउझर हाच शब्द रूढ झाला असल्यामुळें येथें तोच वापरतों. १९९३ पासून पुढील दहाबारा वर्षांत लिनक्सवर असे अनेक ब्राउझर आले, गाजले, आणि त्यांतील बहुतेक मावळले. त्यांची तुलना त्या काळीं पुष्कळ झाली. कोणता वेगवान, कोणता कमी स्मृति खातो, कोणाची खिडकी देखणी, यांवर कडाक्याचे वाद झाले. मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीनें तीच तुलना पुन्हां करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ही दृष्टि मला एका वयोवृद्ध गृहस्थांनीं दिली. २००४ च्या सुमारास मिरजेंतील एका परिचित कुटुंबांत जुन्या संगणकावर लिनक्स घातलें होतें. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं, सुरू झालेला. तो नातवानें मोठ्या हौसेनें आजोबांना उघडून दाखविला. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनीं चष्मा पुसला, पडद्याजवळ वांकून वाचलें, आणि विचारलें, "बाळ, हें मरिज कोणतें गांव रे?"

"आजोबा, ती मिरजच आहे. याला वेलांटी नीट देतां येत नाहीं."

"मग त्याला आधीं पहिलींत बसव," असें म्हणून आजोबांनीं शांतपणें वर्तमानपत्र उचललें.

त्या दिवशीं कोणता ब्राउझर उघडला होता हें सांगण्याचें कारण नाहीं. त्या काळीं बहुतेकांची गत तीच होती. इस्पितळांसाठीं नांवाजलेल्या गांवाचें नांव 'मरिज' व्हावें यांत विनोद आहे खरा. परंतु ज्यानें चाळीस वर्षें मुलांची वेलांटी सुधारली, त्यास आपल्या गांवाचें नांव असें वाचावें लागणें हा केवळ विनोद नव्हे. आजोबांनीं तें यंत्र पुन्हां पाहिलें नाहीं. एका वाचकास आपण कायमचे मुकलों, ही या परीक्षणामागची खरी टोचणी आहे.

आतां हें घडतें कसें तें पाहूं. युनिकोड या सर्वलिपिसंग्राहक संकेतांत देवनागरीस १९९१ पासून स्थान आहे. त्यांत अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठविलीं जातात : आधीं म, मग ऱ्हस्व इकार, मग र, मग ज. लिहितांना मात्र ती वेलांटी म च्या डावीकडे जावयास हवी. हें स्थलांतर ज्या साधनास ठाऊक नाहीं तें म काढून त्यानंतर वेलांटी काढतें. ती पुढील र च्या डोक्यावर जाऊन बसते आणि डोळा 'मरिज' असें वाचतो. रफाराचेंहि तसेंच. 'पटवर्धन' या नांवांतील रफार ध च्या माथ्यावर चढण्याऐवजीं पाय मोडका र होऊन शेजारीं उभा राहतो. 'तऱ्हा', 'वाऱ्या' यांतील खास मराठी अर्धा र तर त्याहून अवघड. उलट 'सतार' हा शब्द कोणत्याहि ब्राउझरांत बिनचूक उमटे, कारण त्यांत वेलांटीहि नाहीं व जोडाक्षरहि नाहीं. म्हणून ज्यांनीं असे सोपे शब्द पाहून 'देवनागरी चालते' असा शेरा दिला, त्यांची परीक्षा नक्षी पाहण्यापुरतीच होती.

या कसोटीवर एकेकास घेऊं. सर्वांत जुना लिंक्स. अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठांत १९९२ सालीं जन्मलेला. त्यांत चित्रें नाहींत, केवळ मजकूर. विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत इंटरनेट जनतेस खुलें केलें, तेव्हां विद्यार्थ्यांना स्वस्तांत मिळणाऱ्या 'शेल' खात्यांवर पानें वाचण्याचा हाच मार्ग होता. इंग्रजी वाचणाऱ्यास लिंक्सइतका निर्मळ सोबती मिळणें कठीण. लिनक्सच्या साध्या काळ्या पडद्यावर देवनागरी मात्र उमटतच नसे, तेथें लिंक्सचाहि नाइलाज होता. १९९३ मधील मोझेक हा इलिनॉय विद्यापीठांतील. मजकुराच्या ओघांतच चित्र दाखवून त्यानें सामान्य माणसास महाजालाची गोडी लावली. त्याचें ऐतिहासिक मोल मोठें आहे. परंतु १९९७ सालीं त्याचें काम थांबलें, आणि आपल्या लिपीपर्यंत तो कधीं पोंचलाच नाहीं.

१९९४ च्या डिसेंबरांत आलेल्या नेटस्केपनें पुढें कित्येक वर्षें लिनक्सवर राज्य केलें. त्या राज्यांत प्रजा सुखी होती असें नाहीं. चौथ्या आवृत्तीचा नेटस्केप मध्येंच कोसळण्याबद्दल प्रसिद्ध होता. मराठीपुरतें बोलावयाचें तर त्यास देवनागरीची जुळणी येत नव्हती. त्या वेळचीं मराठी वृत्तपत्रें आपापला निराळा टंक वापरीत. रोमन अक्षरांच्या संकेतावर देवनागरीचे अवयव बसविलेले असत आणि टंक जवळ नसेल तर सारें पान रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसे. गंमत अशी कीं, टंक असल्यास 'मिरज' अगदीं शुद्ध दिसे. कारण तेथें वेलांटी आधींच डावीकडे टंकलेली असे. परंतु तें 'मिरज' या शब्दाचें चित्र होतें, शब्द नव्हे. तो शोधतां येत नसे, दुसऱ्या टंकांत नेतां येत नसे. दिसण्यांत शुद्ध पण असण्यांत खोटें, असें हें शुद्धलेखन होतें.

नेटस्केपनें ३१ मार्च १९९८ रोजीं आपली संहिता जगास खुली केली. तींतून, बरेंचसें नव्यानें लिहून, मोझिला निघाला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ति ५ जून २००२ ची. टपाल, पानें रचण्याची सोय, गप्पांची सोय असा सगळा संसार एकाच खिडकींत मांडल्यामुळें तो जड झाला. तो भार उतरवून ९ नोव्हेंबर २००४ रोजीं फायरफॉक्स आला आणि त्यानें जगाचें मन जिंकलें, तें योग्यच झालें. तथापि लिनक्सवर त्याची देवनागरी दीर्घकाळ लंगडत होती. १७ जून २००८ च्या तिसऱ्या आवृत्तींत अक्षरजुळणीचें काम पँगो या सामाईक ग्रंथालयाकडे सोंपविलें गेलें, तेव्हां ती ताळ्यावर आली. ग्रीक 'पान' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, यांवरून तें नांव पडलें आहे. कांहीं लिनक्स-वितरकांनीं हीच जोडणी आधींपासून केली होती. पण तिच्यामुळें पानें किंचित् सावकाश उघडत, म्हणून ती कशी बंद करावी याची युक्ति इंग्रजी वाचक एकमेकांस सांगूं लागले. ज्या गोष्टीमुळें आमची वेलांटी जागेवर येई, ती दुसऱ्यास केवळ अडगळ वाटे. वेगाच्या तुलनेंत हा हिशेब कोठेंच दिसत नाहीं.

ग्नोम या पडदारचनेबरोबर २००३ पासून येणारा एपिफनी साधेपणाच्या दृष्टीनें मला सर्वांत आवडता. त्याची विसंगति मात्र मोठी बोलकी होती. त्याच्या पट्ट्या व शीर्षकें पँगोकडून लिहिलीं जात आणि पानाचा मजकूर मोझिलाच्या इंजिनाकडून. म्हणून एकाच खिडकींत वर 'मिरज' व खालीं 'मरिज' दिसण्याचा प्रसंग येई. पाटी शुद्ध आणि पोथी अशुद्ध! नॉर्वेचा ऑपेरा २००१ पासून लिनक्सवर आला. तो चपळ होता; परंतु मोल न देणाऱ्यास २००५ पर्यंत जाहिरातींची पट्टी सोसावी लागे, आणि त्याची संहिता बंद असल्यामुळें त्यांतील दोष दुरुस्त करणें कोणाहि मराठी माणसाच्या हातीं नव्हतें. १९९९ चा इवलासा डिलो जुन्या यंत्रांवर वाऱ्यासारखा धांवे, पण आरंभीं त्यास रोमन लिपीपलीकडचें जग ठाऊक नव्हतें.

उरला कॉन्कररचा मान. ऑक्टोबर २००० मध्यें के.डी.ई. च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर तो आला. घरच्या फायली व बाहेरचीं पानें एकाच खिडकींत दाखविणाऱ्या या ब्राउझराचें के.एच.टी.एम.एल. हें इंजिन स्वयंसेवकांनीं लहान, नेटकें लिहिलें होतें. त्याच्या पायाशीं असलेल्या क्यूटी या ग्रंथालयानें २००३ सालीं भारतीय लिपींची जुळणी आत्मसात केली, आणि फेब्रुवारी २००४ च्या के.डी.ई. ३.२ बरोबर कॉन्कररांत 'मिरज' मिरजेसारखी दिसूं लागली. फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वीं चार वर्षें. अनेक पानें त्यांत विस्कटत, कारण पानें रचणारे इतर ब्राउझरच डोळ्यांपुढें ठेवीत. तरीहि जवारीची परीक्षा लावल्यास त्या काळचा पहिला क्रमांक मी कॉन्कररास देईन.

परंतु येथें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. श्रेय खरोखर ब्राउझराचें नव्हतें, त्याच्या तळाशीं असलेल्या अक्षरजुळणीचें होतें. मिरज जंक्शनांत एके काळीं ब्रॉडगेज, मीटरगेज व बार्शी लाईटची नॅरोगेज असे तीन मापांचे रूळ येत, आणि माल एका गाडींतून दुसरींत चढवावा लागे. त्यावर उपाय अधिक तगडे हमाल हा नव्हता. रूळ एका मापाचे करणें हा होता. अक्षरांच्या बाबतींत तेंच झालें. पँगो व क्यूटी यांनीं वेगवेगळें चालविलेलें काम पुढें हार्फबझ या एकाच खुल्या ग्रंथालयांत एकवटलें. त्याच्या फारसी नांवांतील 'हर्फ' तोच, जो मराठींत 'एक हरफहि काढला नाहीं' यांत आपण वापरतों. आज फायरफॉक्स व क्रोम दोघेहि त्याच्याच हातून देवनागरी लिहवून घेतात.

रूळ एक झाले हें चांगलें. पण गाडीहि एकच उरावी काय? कॉन्कररच्या इंजिनावर ॲपलनें ७ जानेवारी २००३ रोजीं आपला सफारी जाहीर केला, त्यांतून वेबकिट निघालें, आणि २०१३ सालीं वेबकिटांतून क्रोमचें ब्लिंक फुटलें. आज जगांतील बहुसंख्य ब्राउझर याच वंशाचे आहेत. खुद्द कॉन्करर मात्र आपलें मूळ इंजिन सोडून क्रोमच्या घराण्यांतील इंजिनावर चालतो. म्हणजे आजोबा नातवाच्या आश्रयास गेले आहेत. लिनक्सवर त्या घराण्याबाहेरचा समर्थ पर्याय म्हणून फायरफॉक्सच उरला आहे. कोणी म्हणेल, अक्षरें शुद्ध दिसतात, मग इंजिन कोणाचें याची उठाठेव कशास? तिचें कारण वरच्या इतिहासांतच आहे. एकाच्या दृष्टीस जी अडगळ, ती दुसऱ्याची वेलांटी असते. अनेक इंजिनें होतीं म्हणून एकाची चूक दुसऱ्याच्या शुद्धतेशेजारीं ठेवून दाखवितां आली. एकच उरलें, तर त्याची चूक हीच रीति होऊन बसेल.

म्हणून वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, नवा ब्राउझर घरांत आला म्हणजे त्याचा वेग मोजण्यापूर्वीं त्यांत आपल्या गांवाचें नांव, आपलें आडनांव आणि 'तऱ्हा' हा शब्द लिहून पाहावा. आणि शक्य असल्यास घरांतील सर्वांत वयस्कर माणसास तो वाचावयास सांगावा. त्यांनीं पुन्हां वर्तमानपत्र उचललें, तर दोष त्यांच्या डोळ्यांचा नाहीं.