‘असूनही’ : वसईच्या ख्रिस्ती मराठीविषयी एक टिपण

विरारजवळील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ साली ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा चर्चा त्यांच्या वाङ्मयाची अल्प आणि धर्माची अधिक झाली. धमक्या आल्या, उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही संमेलनास जाऊ नये असे बजावण्यात आले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे संमेलन पार पडले. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्या विरोधामागील गृहीतकाची भाषाशास्त्रीय तपासणी मात्र व्हावयाची राहिली आहे.

भाषेला एकच धर्म असतो, हे ते गृहीतक होय. ते नवे नाही. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. बायबलची कथा त्याने ओवीत सांगितली, तिला पुराण म्हटले आणि स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास तो कचरला नाही; ‘बाप्तिज्म’सारखे परकी शब्द त्याने खास ख्रिस्ती संकल्पनांसाठी वापरले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यातील प्रजेने तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. ख्रिस्ती झालेल्याने पूर्वजांची भाषा बोलू नये, ही त्यामागील धारणा आणि ख्रिस्ती माणसाने मराठीच्या व्यासपीठावर बसू नये, ही २०१९ मधील धारणा, या एकाच तर्काच्या दोन बाजू आहेत.

वसईची बोली या तर्कास जुमानीत नाही. सामवेदी अथवा कादोडी ही बोली तेथील सामवेदी ख्रिस्ती बोलतात, तशीच सामवेदी ब्राह्मणही बोलतात. ख्रिस्ती मंडळी स्वतःस ‘कुपारी’ म्हणवितात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आला, असे मानले जाते. शब्द उसना, प्रत्यय घरचे. अशी उसनवारी कोणत्या मराठी बोलीत नाही?

विरोधकांचा पूर्वग्रह उघड असल्याने त्याचा प्रतिवाद सोपा आहे. अधिक सूक्ष्म आहे तो प्रशंसेतील पूर्वग्रह. ‘ख्रिस्ती असूनही किती उत्तम मराठी लिहितात!’ हे कौतुक सद्भावनेनेच केले जाते. परंतु ‘असूनही’ हे रूप दोन गोष्टींमध्ये विरोध आहे, असे आधीच धरून चालते. ‘पावसाळा असूनही ऊन पडले’ असे आपण म्हणतो. ‘पावसाळा असूनही पाऊस पडला’ असे कोणी म्हणत नाही. ज्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आणि मराठी बोली पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या, तेथे हा विरोध कोठून आला? तो बोलणाऱ्याच्या मनातून आला. विरोधक जे ओरडून सांगतो, तेच चाहता व्याकरणाच्या आडून मान्य करतो.

याची किंमत समीक्षेने मोजली. दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले, पण त्यातील वाक्यरचना जुन्या मिशनरी भाषांतरांहून कोठे वेगळी होते, निरूपण मूळ कथनास कोठे उजळते व कोठे झाकोळते, आणि लेखकाच्या घरच्या बोलीचा काही ठसा त्या प्रमाण गद्यावर उमटला आहे काय, हे प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारले नाहीत.