मनाचे श्लोक आणि पन्नास मिनिटं

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. मजकूर थोडा बदलतो, मुद्दा तोच. पाश्चात्त्य लोक ज्याला सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात, ते समर्थांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. तासाला हजार रुपये मोजण्यापेक्षा सकाळी उठून ‘मनाचे श्लोक’ म्हणा. आम्ही घनसावंगी तालुक्यातले. रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यात, त्यामुळे या मेसेजला ग्रुपवर जरा जास्तच हात जोडले जातात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही जोडायचो.

हा दावा मला हसण्यावारी न्यायचा नाही. उलट तो नीट वाचायचाय, कारण माझ्यावर त्याचा प्रयोग झालेला आहे.

नोकरी गेली तेव्हा मी पुण्याची खोली सोडून चार महिने घरी येऊन राहिलो. आयटीत नोकरी जाणं ही काही बातमी नाही. पण मला रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधडायचं आणि सकाळपर्यंत डोक्यात एकच हिशोब चालायचा: शिक्षणाला किती लागले, बाबांनी किती उचल घेतली, मी किती परत केले. बाबांनी माझी अवस्था ओळखली, हे त्यांचं मोठेपण. त्यांच्याजवळ जे होतं ते त्यांनी दिलं: गीताप्रेसच्या आकाराची एक छोटी पुस्तिका, २०५ श्लोक. “रोज म्हण. मन ताळ्यावर येतं.”

आलंही थोडं. भुजंगप्रयात हे वृत्त अंगात भिनणारं आहे. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा, मग ओळ संपते आणि श्वास घ्यावाच लागतो. वीस-पंचवीस श्लोक झाले की धडधड खरंच कमी व्हायची. घरोघरी भिक्षा मागताना शिष्यांनी म्हणावेत म्हणून हे श्लोक दिले, असं सांगतात; चालता चालता म्हणायची रचना आहे खरी. आणखी एक गोष्ट मला आवडली. रामदास मनाला हाक मारतात तेव्हा शिव्या देत नाहीत. ‘सज्जन’ म्हणतात. माझ्या डोक्यात तेव्हा स्वतःसाठी जे शब्द होते ते इथे छापता येणार नाहीत. त्या मानाने ही हाक फार सभ्य होती.

आता दाव्यातला खरा भाग. दुःख नुसत्या घटनेतून येत नाही, घटनेला आपण लावलेल्या अर्थातूनही येतं, आणि तो अर्थ तपासता येतो, ही कॉग्निटिव्ह थेरपीची पायाभूत कल्पना. मन ही आपल्यापासून थोडी बाजूला ठेवून बोलता येण्यासारखी वस्तू आहे, हे गृहीत धरल्याशिवाय ‘मनाचे श्लोक’ लिहिताच येणार नाहीत. एवढं साम्य आहे, आणि ते थोडं नाही.

पण पुस्तिका घेऊन दीड महिना बसल्यावर मला एक वेगळीच अडचण यायला लागली. ती मी तेव्हा सांगू शकलो नसतो. पुढे एका मित्राने नंबर दिला म्हणून मी फोनवरून व्हिडिओ थेरपी सुरू केली. थेरपिस्ट मराठी बोलणाऱ्या होत्या, आठवड्याला पन्नास मिनिटं. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी मी त्यांना थोड्या अभिमानाने सांगितलं, “मॅडम, मी रोज मनाला समजावतो. म्हणतो, चिंता करू नको, लोभ धरू नको.”

त्यांनी विचारलं, “मग मन काय म्हणतं?”

मी गप्प. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही मनाला विचारला नव्हता. मी दीड महिना त्याला ऐकवतच होतो.

त्या रात्री मी पुस्तिका पुन्हा उघडली, यावेळी म्हणण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी. क्रियापदं बघत गेलो. सोड, धर, कर, करू नको, राहा, शोध. एकामागून एक आज्ञा. मन हे या काव्यातलं सर्वात मोठं पात्र आहे आणि २०५ श्लोकांत त्याला एकही संवाद नाही. ते एकदाही म्हणत नाही की “मला भीती वाटते” किंवा “सोड म्हणतोस, पण कसं सोडू?” हा काव्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही, तो उपदेश आहे आणि उपदेशाचा घाट असाच असतो. पण थेरपीचा घाट नेमका उलटा आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज आशय जुळवताना घाट विसरतो.

अकरावा श्लोक बघा. सगळ्यांत जास्त उद्धृत होणारा हाच असावा. त्यात मनाला एक प्रश्न केलाय: या जगात पूर्ण सुखी असा कोण आहे, शोधून पाहा. एवढ्यावर थांबलो तर हा उत्तम थेरपिस्टचा प्रश्न आहे. दुःख ही माझ्या एकट्याची नामुष्की नाही, हे त्यातून कळतं. पण रामदास मनाला शोधायला वेळ देत नाहीत. लगेच पुढे उत्तर येतं की हे तुझ्याच पूर्वसंचिताचं फळ आहे. धडधाकट माणसाला यातून समजूत मिळत असेल. डिप्रेशनमध्ये असलेला माणूस मात्र या श्लोकातून नेमका तेवढाच शब्द उचलतो: ‘तूच’. मी उचलला. तो आजारच अपराधीपणावर वाढतो. माझं मन आधीच फिर्यादी होतं, आता त्याला साक्षीदार मिळाला.

कॉग्निटिव्ह थेरपी जिथून निघाली ती जागाही आठवण्यासारखी आहे. अ‍ॅरन बेक हे फिलाडेल्फियातले मनोविश्लेषक. त्यांच्याकडे येणारे लोक कोचावर पडून मनात येईल ते बोलत. एका बाईच्या बाबतीत त्यांच्या लक्षात आलं की ती बोलतेय एक, आणि आत भलतंच चाललंय: आपण डॉक्टरांना कंटाळा आणतोय, हा विचार. तो ती सांगत नव्हती, कारण तो सांगण्यासारखा विचार आहे हेच तिला माहीत नव्हतं. बेक यांनी विचारलं म्हणून तो बाहेर आला. अशा झटकन येऊन जाणाऱ्या विचारांवर १९६०च्या दशकात त्यांनी आपली पद्धत उभी केली. तिच्या मुळाशी असा एक साधा प्रश्न आहे.

इथे माझ्या मांडणीला आडवा येणारा माणूस म्हणजे अल्बर्ट एलिस. मराठी वाचकांना तो अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे परिचयाचा आहे. एलिस मवाळपणे ऐकत बसणाऱ्यांतला नव्हता; भांडायचा, टोचून बोलायचा. मग रामदासांत आणि त्याच्यात फरक काय? एक तर एलिसला समोरच्याचं प्रत्युत्तर हवंच असायचं. आणि त्याचं सगळं भांडण ‘झालंच पाहिजे’ या ‘च’शी होतं. तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचा, तर न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसून महिनाभरात शंभर जणींशी बोलला. एक भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण आभाळ कोसळत नाही, हे त्याला कळलं.

माझा प्रयोग इतका रंगतदार नव्हता. शाळेतल्या एका मित्राला नोकरी गेल्याचं सांगायचं आणि तो काय म्हणेल ते आधी लिहून ठेवायचं. मी लिहिलं: हसेल, गावभर करेल. तो म्हणाला, “मग शनिवारी मोकळा आहेस ना? मोसंबीला पाणी द्यायचंय, ये.”

कागदाच्या त्या दोन रकान्यांवरून एक भाषेची गोष्ट सांगतो, कारण थेरपीवरच्या मराठी लेखांत ती सहसा येत नाही. पुढे मॅडमनी एका रकान्यात विचार आणि दुसऱ्यात भावना लिहायला सांगितलं. मी दोन्हीकडे ‘वाटतं’ लिहीत सुटलो. मला वाटतं मी नालायक आहे. मला भीती वाटते. मराठीत एकच क्रियापद दोन्ही कामं करतं, आणि दोन्ही मिसळले की ‘मी नालायक आहे’ हा तपासता येणारा विचार न राहता खरीखुरी वस्तू होऊन बसतो. पण हीच भाषा एक सोयही करून देते. आपण ‘मी घाबरलेला आहे’ असंच म्हणत नाही, ‘मला भीती वाटते’ म्हणतो. भीती येते, मला वाटते, जाते. जिवाला घोर ‘लागतो’. मी म्हणजे घोर नाही. हे अंतर इंग्रजी पुस्तकांत कमावून घ्यावं लागतं, आमच्या आज्ज्यांच्या तोंडात ते आयतं आहे. मन लागत नाही, जीव घाबरा होतो, काळजात धस्स होतं: जालन्यातला माणूस थेरपिस्टकडे ‘अँग्झायटी’ घेऊन येत नाही, हे शब्द घेऊन येतो. ते ऐकून ‘म्हणजे कसं होतं, सांगा’ असं विचारणारं कुणी हवं.

ते कुणी मिळतं का, हा प्रश्न उरतो. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत, चारही मराठवाड्याबाहेर. निम्हान्सच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. २०१५मध्ये सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात जालनाही होता, आणि आशाताईंनी घरोघरी जाऊन विचारपूस करायची होती. कागदावर मला ही कल्पना कुठल्याही भव्य इमारतीपेक्षा शहाणी वाटते. २०२२पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. तो आठवड्याच्या पन्नास मिनिटांची जागा घेत नाही, पण रात्री तीनला उचलला जातो. आणि आजार तीव्र असेल, मरणाचे विचार येत असतील, तर नुसत्या बोलण्यावर राहू नये. सायकियाट्रिस्ट आणि गोळ्या यात कमीपणा नाही. मला गोळ्या लागल्या नाहीत, हे माझं कर्तृत्व नव्हे.

आता पुन्हा रामदासांकडे, कारण त्यांच्यावर अर्धाच न्याय झालाय. ‘दासबोध’ उघडला की पहिल्याच ओवीत श्रोते प्रश्न विचारतात. तो सगळा ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादावर चालतो. तिसऱ्या दशकात ‘स्वगुणपरीक्षा’ नावाचे चार समास आहेत. त्यांत एका सामान्य माणसाचं आयुष्य आहे: बालपण, लग्न, बायकोचं मरण, पुन्हा लग्न, दारिद्र्य, पैशासाठी परदेश. थेरपिस्ट पहिल्या भेटीत जे विचारतात तेच जवळपास. त्याचा शेवट वैराग्याकडे वळतो, तो भाग माझ्या उपयोगाचा नाही. पण इतक्या बारकाईने कुणाचं तरी रडगाणं ऐकून घेतल्याशिवाय ते लिहिता येत नाही. म्हणून घरच्या ग्रुपवर मी आता लिहितो की समर्थच हवे असतील तर दासबोधाचा तिसरा दशक वाचा. त्याला हात जोडले जात नाहीत.

जांबला लहानपणी दरवर्षी ऐकलेली एक गोष्ट आहे. छोटा नारायण घरात दिसेना. आई राणूबाईंनी शोधलं तर अंधाऱ्या खोलीत एकटा बसलेला. काय करतोस, म्हणून विचारलं. तर म्हणाला, विश्वाची चिंता करतोय. इथे कीर्तनकार थांबतात, टाळ्या होतात. समर्थभक्तांनी रागावू नये, पण हल्ली मला ती गोष्ट ऐकताना वडील लहानपणीच गेलेला, अंधारात बसलेला एक मुलगा दिसतो. त्याला कुणीतरी शोधत आलंय आणि विचारलंय. राणूबाईंनी त्यानंतर काय विचारलं, ते कुठल्याच कीर्तनात सांगत नाहीत.