पार्ली प्रॅटच्या आत्मवृत्तातील हिवाळा

धर्मप्रचारकांच्या आत्मवृत्तांत ऋतूंना बहुधा स्वतंत्र अस्तित्व नसते. ऊन, पाऊस, हिम ही श्रद्धेची कसोटी पाहणारी साधने म्हणूनच तेथे अवतरतात आणि कसोटी संपताच निघून जातात. मॉर्मन पंथाच्या आद्य प्रचारकांपैकी पार्ली पी. प्रॅट याच्या आत्मवृत्तातील १८३०-३१ च्या हिवाळ्याचा भाग मात्र या नियमात पुरतेपणी बसत नाही. तो का बसत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

१८३० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या या पंथाने त्याच वर्षाच्या शरद ऋतूत आपले चार प्रचारक पश्चिमेकडे धाडले. ऑलिव्हर काउडरी चोवीस वर्षांचा, प्रॅट तेवीस वर्षांचा, धाकटा पीटर व्हिटमर एकवीस वर्षांचा. चौथा झायबा पीटरसन. पुढे ओहायोतील कर्टलंड येथे फ्रेडरिक विल्यम्स हा प्रौढ वैद्य त्यांना येऊन मिळाला. अमेरिकेचे मूळ रहिवासी हे इस्रायलच्या वंशातील होत, आणि आपल्याजवळ असलेला नवा ग्रंथ हा त्यांच्याच पूर्वजांचा इतिहास होय, अशी या मंडळींची श्रद्धा होती. तो ग्रंथ मिसूरीच्या सरहद्दीपलीकडे नुकत्याच वसविण्यात आलेल्या जमातींच्या हाती द्यावयाचा, हा प्रवासाचा हेतू.

ओहायो नदीच्या मुखाशी बर्फाने वाट अडविल्यामुळे त्यांना आगबोट सोडावी लागली. तेथून सेंट लुइसच्या परिसरापर्यंत दोनशे मैल, आणि पुढे इंडिपेन्डन्सपर्यंत आणखी तीनशे मैल, ही वाटचाल पायी झाली. येथे प्रॅटची लेखणी एरवीपेक्षा निराळी चालते. प्रवचनकाराची सवय त्याला जडलेली आहे. अन्यत्र तो शास्त्रवचनांच्या वळणाने बोलतो, विशेषणांची रास घालतो. या मजकुरात मात्र गुडघाभर बर्फ आहे, वायव्येचा वारा आहे, दिवसभर चालूनही न दिसणारे घर आहे, आणि पाठीवरच्या पिशवीत कपडे व पुस्तके यांच्याशेजारी मक्याची रोटी व कच्चे डुकराचे मांस आहे. ती रोटी इतकी गोठलेली की दात केवळ वरच्या पापुद्र्यातच शिरावा. श्रद्धेच्या कसोटीला हा पापुद्रा आवश्यक नव्हता. तो लिहिला गेला याचे कारण तो आठवत होता, एवढेच. आणि आत्मवृत्ताची विश्वसनीयता बव्हंशी अशाच अनावश्यक तपशिलांवर उभी असते.

हवामानाविषयी अतिशयोक्तीची शंका घेण्याचे कारण नाही. इलिनॉयमधील जुन्या वसाहतवाल्यांच्या स्मरणात तो हिवाळा 'खोल बर्फाचा हिवाळा' म्हणूनच राहिला, आणि त्याच्या आधी येऊन राहिलेला मनुष्य तो खरा जुना रहिवासी, असे तेथे पुढे मानले गेले. (एकवीस वर्षांचा अब्राहम लिंकन त्याच बर्फात आपल्या कुटुंबासह अडकून पडला होता.)

तथापि या वर्णनाला एक मर्यादा आहे, आणि ती सर्वनामाची आहे. प्रॅट येथे जवळजवळ सर्वत्र 'आम्ही' म्हणतो. पाचांपैकी कोण मागे पडला, कोणाचे पाय सुजले, कोणाला परत फिरावेसे वाटले, हे वाचकाला कळत नाही. तरुण मनाची भीती, कंटाळा, सोबत्यांविषयीची चीड, यांपैकी काहीही या अनेकवचनातून बाहेर झिरपत नाही. लिहिणाऱ्याने हा मजकूर सिद्ध केला तो पुढील काळात, पंथाचा मान्यवर प्रेषित झाल्यावर. १८५७ मध्ये त्याची हत्या झाली आणि ग्रंथ त्याच्या मुलाने १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. तेवीस वर्षांच्या पोराची थंडी प्रेषिताच्या स्मृतीतून गाळून आली आहे. शरीराचे हाल गाळणीतून सुटले, मनाचे अडकले.

परंतु या भागाचे खरे मोल प्रवासवर्णनात नसून त्यानंतरच्या सभेत आहे. कॅन्सस नदीकाठच्या डेलावेअर जमातीच्या वृद्ध नायकापुढे, विल्यम अँडरसनपुढे, काउडरीने आपला संदेश मांडला. नायकाचे उत्तर प्रॅटने दिले आहे. बर्फ तुडवून आपल्या भल्यासाठी आलेल्यांचे तो आभार मानतो, आणि लगेच आपल्या हिवाळ्याकडे वळतो: आम्ही या जागी नवे आहोत, बर्फ खोल आहे, गुरे व घोडी मरत आहेत, झोपड्या दरिद्री आहेत, वसंतात घरे बांधावयाची, कुंपणे घालावयाची, शेते काढावयाची, तेव्हा सभागृह उभारू आणि मग तुम्ही ग्रंथ वाचून दाखवा.

एकाच बर्फाचे दोन अर्थ येथे समोरासमोर येतात. प्रचारकांचा हिवाळा हा निवडलेला आहे. त्याच्या शेवटी एक मुक्काम आहे. डेलावेअरांचा हिवाळा लादलेला आहे. १८१८ च्या तहाने इंडियाना सुटले, १८२९ च्या कराराने मिसूरीतील जागाही सुटली, आणि नव्या भूमीवर छप्पर धड उभे राहण्यापूर्वीच हे बर्फ आले. या नायकाने १८२४ सालीच आपली माणसे अन्नावाचून मेल्याची तक्रार सरकारी अधीक्षक विल्यम क्लार्क याच्याकडे केली होती. मरणाऱ्या गुरांचा उल्लेख हा म्हणून वक्तृत्वाचा अलंकार नव्हे.

हे शब्द अँडरसनचेच आहेत काय? मूळ भाषण डेलावेअर भाषेत, ते दुभाष्याच्या तोंडून इंग्रजीत, आणि तेथून प्रॅटच्या स्मृतीत अनेक वर्षे राहून कागदावर. शब्दशः प्रामाण्य मागणे व्यर्थ आहे. पण प्रचारकाने स्वतः रचलेल्या उत्तरात गुरांना व कुंपणांना इतकी जागा मिळाली असती, हे संभवनीय वाटत नाही. ग्रंथाचा स्वीकार प्रॅटच्या उपयोगाचा होता. कुंपणे त्याच्या काही उपयोगाची नव्हती. गोठलेल्या रोटीला जो न्याय लावला तोच येथे लावावयास हवा.

पुढची हकीकत प्रॅट घाईने उरकतो. सरकारी एजंट रिचर्ड कमिन्स याने परवान्यावाचून आदिवासी प्रदेशात राहण्यास मनाई केली व १५ फेब्रुवारी १८३१ रोजी क्लार्कला तसे कळविले. प्रॅटच्या मते यामागे इतर पंथांच्या मिशनऱ्यांचा मत्सर होता. असेलही, परवान्याचा कायदा मात्र मत्सराने निर्माण झालेला नव्हता. प्रवासाचा हिशेबही प्रॅट मांडतो: सुमारे दीड हजार मैल, चार महिने, दोन आदिवासी राष्ट्रांना उपदेश, शेकडो लोकांचा बाप्तिस्मा. हे शेकडो लोक ओहायोतील गोरे वसाहतवाले होत. ज्यांच्यासाठी बर्फ तुडविले त्यांच्यापैकी कोणी या आकड्यात नाही, आणि ही गोष्ट दोन्ही संख्या एका ओळीत बसवल्याने झाकली जाते. लेखकाला ती झाकावयाची होती असे नव्हे. हिशेबाची ती रीतच आहे.

फेब्रुवारीतच प्रॅट पूर्वेकडे परतला. मागे राहिलेल्यांपैकी दोघे इंडिपेन्डन्समध्ये शिंपीकाम करीत होते. अँडरसन १८३१ मध्येच निधन पावला. त्याने कबूल केलेल्या सभागृहाचे पुढे काय झाले, याविषयी आत्मवृत्तात पुन्हा उल्लेख येत नाही.