भिंतीवरची साक्ष

चित्राला इतिहासाची साक्ष मानावयाचे, तर त्याची उलटतपासणीही व्हावयास हवी. सेंट लुईस येथील अ‍ॅनहायझर-बुश या बिअरच्या कारखान्याने १८९६ पासून जाहिरातीदाखल मद्यगृहांना वाटलेले ‘कस्टरची अखेरची झुंज’ हे शिळाछाप चित्र संग्राहक आज जपून ठेवतात. २५ जून १८७६ रोजी माँटानातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा व शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा संहार केला, तो हा प्रसंग.

मूळ चित्र कॅसिली अ‍ॅडम्सचे. ते ज्या मद्यगृहात होते त्याचे दिवाळे निघाले आणि धनको या नात्याने कारखान्याला ते मिळाले. छापासाठी ऑटो बेकरने त्याची नवी रचना केली.

ही रचना वेधक आहे, यात संशय नाही. धुराळा, घोडे आणि मध्यभागी लांब केसांचा, तलवार उगारलेला कस्टर! परंतु त्या मोहिमेत पथकाने तलवारी मागेच ठेवल्या होत्या. कस्टरनेही केस कापले होते. काही योद्ध्यांच्या हाती तर आफ्रिकेतील झुलूंच्या ढाली आहेत.

याहून मोठा दोष मौनाचा. युद्धाच्या मुळाशी ब्लॅक हिल्सचा प्रदेश होता. १८७७ च्या कायद्याने तो लकोटांकडून घेतला गेला. त्याची न्याय्य भरपाई देणे प्राप्त आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला. चित्रात आक्रमक दिसतात ते भूमीचे धनी. लढाईत स्वतः लढलेल्या रेड हॉर्सने १८८१ साली काढलेली चित्रे संग्रहालयात राहिली. ऐकीव साक्ष मात्र गावोगावच्या भिंतींवर चढली. रसिकाने बेकरच्या कौशल्याला दाद द्यावी. निकाल देताना रेड हॉर्सची चित्रे आधी पाहावीत.