बंदुकीचं मूळ कुठं शोधायचं?

आज आपण एका पाटीची चिकित्सा करू. जुन्या शस्त्रांच्या संग्रहात ती वारंवार दिसते : ‘एनफील्ड रायफल, इंग्लंड, १८५७.’ पुरावा काय? घोड्यालगतच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि साल. झालं, मूळ सापडलं!

पण ही पट्टी दोन स्क्रू काढले की सुटते. दुसऱ्या बंदुकीला बसवता येते. त्यावरचं साल पट्टीचं आहे, अख्ख्या बंदुकीचं नव्हे. ‘टॉवर’ म्हणजे ती लंडनच्या टॉवरमध्ये घडली असंही नाही. हा शिक्का बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांनी सरकारला पुरवलेल्या बंदुकांवर सर्रास असे. आणि शिक्का नकलीही असतो. वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या. त्यांत कधी ‘एनफील्ड’मधलं एन हे अक्षर उलटं पडतं, कधी राणी व्हिक्टोरियाच्या नावापुढं १९०१ नंतरचं साल येतं. राणी तर १९०१ मध्येच वारली.

मग मूळ कळतच नाही, असं म्हणायचं का? नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? त्याचा आधार घेऊन कुणी म्हणेल, भाग बदलले, आता ओळख कसली! आपल्याला हेही मान्य नाही. भाग बदलले म्हणून इतिहास पुसला जात नाही. बदल हाच इतिहास असतो, फक्त तो वाचावा लागतो.

उदाहरण घेऊ. १८५३च्या नमुन्याची एनफील्ड ही ठासणीची रायफल. नळी ३९ इंची, व्यास ०.५७७ इंच, आत तीन पेचदार चरे. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये काय घडलं ते आपण जाणतोच. उठावानंतर भारतीय शिपायांच्या हाती रायफल द्यायची नाही असं ठरलं. मग रायफलीची नळी आतून कोरून व्यास सुमारे ०.६५ इंच केला. चरे गेले, लांबचा नेम गेला. मागची चढउतार करता येणारी माशी काढून साधी पक्की माशी बसवली. कोरल्यामुळं नळी पातळ आणि कमजोर झाली, म्हणून लगेच १८५९ मध्ये जाड नळीचा नमुना आला.

आता अशी बंदूक समोर आली आणि आपण म्हटलं, ‘चरे झिजलेत’, तर काय होतं? झिजलेल्या नळीत चऱ्यांच्या खुणा कुठंतरी उरतात आणि व्यास फारसा वाढत नाही. कोरलेल्या नळीचा व्यास मात्र सगळीकडे सारखा मोठा असतो. मोजपट्टी लावली की फरक कळतो. ‘झीज’ म्हटलं की दोष काळाचा ठरतो. ‘कोरली’ म्हटलं की एका सरकारचा आपल्याच फौजेवरचा अविश्वास समोर येतो. प्रश्न किंमतीचा नाहीच. साक्षीदाराला बोलू द्यायचं की नाही, एवढाच आहे.

दुसरा बदल १८६६चा. अमेरिकन जेकब स्नायडरच्या युक्तीनं नळीचा मागचा तुकडा कापून तिथं उजवीकडं उघडणारी झडप बसवली. ठासणी संपली, मागून काडतूस भरता येऊ लागलं. या बंदुकीचं मूळ १८५३चा नमुना की १८६६? दोन्ही. नळी आणि दस्ता एका निर्णयाचे, झडप दुसऱ्या निर्णयाची. एकच साल मागणारा प्रश्नच चुकीचा आहे.

म्हणून आपलं म्हणणं असं : पाटीवर एक मूळ नको, क्रम हवा. पट्टी अमुक सालची, नळी मोजली ती इतकी, माशी बदललेली, झडप नंतरची; जे जुळत नाही तेही लिहावं. आणि तोवर घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. पॉलिश कागदाखाली आधी शिक्के जातात, मग हत्यारांचे ओरखडे. वाचण्याआधी पुसलेली ही अक्षरं पुन्हा उमटत नाहीत.